पाखऱ्याचं रक्त

पुणे, १० जून २०२३

ती. आकारामकाकांस,
अनुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझं शास्त्र ऐकलं की तुमचं डोकं उठतं, म्हणून लिहूनच कळवते. आमच्या प्रयोगशाळेतली मुलं तुमच्या गोठ्यातून हौश्याचं रक्त घेऊन आली, त्यात लंपीचा विषाणू सापडला. त्याला वेगळा बांधा, धूर करा, माश्या बसू देऊ नका.

पण एक कोडं सुटत नाही. हौश्या तापानं फणफणलाय म्हणता, आणि विषाणू सोडला तर हे रक्त आजारी बैलाचं वाटतच नाही. पुन्हा पुन्हा तपासलं, डोकं चालेना. त्याचा जोडीदार पाखऱ्या कसा आहे?

काकीला नमस्कार. माझ्यावरचा जीव असाच राहू द्या.
तुमची अनुजा

शिरोळ, १८ जून

चि. अनुजास,
काकीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून काकांच्या तोंडाला कुलूप लागलंय, म्हणून मीच लिहिते. अगं, ते रक्त हौश्याचं नव्हतंच! मुलं सुई घेऊन आली तेव्हा हे म्हणाले की ते बिचारं आधीच तापलंय, त्याला आणि कशाला टोचायचं, जोडीचाच हाय की ह्यो. आणि पाखऱ्याला पुढं केलं. दोघं एका रंगाचे, मुलांना काय कळतंय!

हौश्याच्या अंगावर आता गाठी उठल्यात. पाखऱ्या मात्र वैरण फस्त करतोय आणि मलाच शिंगं दाखवतोय. त्याच्यात कसला विषाणू? तुझं यंत्र चुकलं का?

बैलांच्या सणाला, बेंदराला, तो पलीकडच्या गल्लीतल्या निसारभाऊंच्या दारी जाणारच, असं हे धरून बसलेत. पाखऱ्या त्यांच्याच गाईच्या पोटचा. दर बेंदराला त्यांची बायको मदिना त्याला पहिली पोळी भरवते. पण ती गाय आता दिवस भरत आलेली. मला धास्ती वाटते. काय करायचं ते लगेच लिही.

माया आहेच, ती काय लिहायची!
तानाकाकी

पुणे, २२ जून

ती. तानाकाकीस,
सा. न. वि. वि.

यंत्र चुकलं नाही. काही जनावरांच्या रक्तात विषाणू असतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. का, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही. तेच तर शोधतेय.

पाखऱ्याला गोठ्याबाहेर काढू नका. त्याला चावलेली माशी त्या गाईला चावली तर गाय आणि वासरू दोन्ही धोक्यात येतील. काकांवर चिडावं की त्यांच्या पाया पडावं, समजत नाही. त्यांनी हौश्यावर दया केली नसती, तर पाखऱ्याकडे कुणी बघितलंच नसतं.

जपून राहा, आणि काकांना फार बोलू नकोस.
अनुजा

शिरोळ, ५ जुलै

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद.

आज मीच लिहितोय. बेंदूर झाला. पाखऱ्याची शिंगं रंगवली, झूल घातली आणि दावणीलाच ठेवला. निसार बघायला आला आणि म्हणाला, जनावर ब्येस हाय की, मग अडलंय कुठं? मलाही तेच कळत नव्हतं, पण तू लिहिलंस तसं सांगितलं. तो पाठ फिरवून निघून गेला. मला वाटलं, इतक्या वर्षांचा घरोबा तुटला.

थोड्या वेळानं मदिना ताट घेऊन आमच्याच गोठ्यात आली. माणसाला लंपी होत नाही, एवढं तिला ठाऊक. तिनं पाखऱ्याला पोळी भरवली, मान खाजवली, साबणानं हातपाय धुतले आणि गेली. मला रडू आवरलं नाही. काल त्यांची गाय सुखरूप व्याली. कालवड झाली.

हौश्याच्या गाठी वाळायला लागल्यात. ज्याच्या अंगावर सगळं दिसत होतं तो बरा होतोय. ज्याच्यावर काहीच दिसत नाही त्याला काय म्हणायचं? रोज दोघांपुढं उभा राहतो आणि गोंधळून घरात येतो.

मुलांना परत पाठव. या खेपेला दोघांचंही रक्त देतो, मीच धरतो. आणि एखादी सुई उरली तर माझंही न्या. आता नुसतं बघून कुणालाच धडधाकट म्हणायचा धीर होत नाही.

रागावली असशील तर ये आणि समोर भांड, पण ये.
तुझा काका,
आकाराम