बारा सेकंद

प्रिय सेकंदकाटा,

प्रयोगशाळेत सगळे तुला याच नावाने चिडवायचे. आज आपला जुना मायक्रोस्कोप भंगारात निघाला, म्हणून तुझी आठवण आली. म्हणजे, निमित्त तेवढंच.

हाडांच्या पेशींवर स्टिरॉइड हार्मोनचा थेंब टाकायचा आणि खुशाल चहाला जायचं, ही आपली रीत. परिणाम दिसायला तासन्‌तास लागतात, असं सर सांगायचे. माझा अख्खा प्रबंध त्यावरच उभा होता. त्या दुपारी "थेंब टाकून आलेच" म्हणालीस आणि घड्याळ लावून तिथेच बसलीस.

आम्ही परतलो तर तू नाचत होतीस. "अरे, बारा सेकंदांत पेशी उजळल्या! आतलं कॅल्शियम वाढलं!" कॅल्शियम वाढलं की चमकणारा रंग आपणच पेशींत घातला होता. तरी सर हसले आणि मी वहीत लिहिलं, 'मायक्रोस्कोपचा दिवा हलला असावा.' महिन्याभरात तू प्रयोगशाळा सोडलीस. मलाही.

पुढे दुसऱ्यांनी तेच सिद्ध केलं. आता मी ते वर्गात शिकवतो, निर्लज्जासारखा.

एक मात्र तुला कधी सांगितलं नाही. तुझा चहा गार होईल म्हणून त्या दिवशी तुझा कप घेऊन मी आधीच एकटा परत आलो होतो. पडद्यावर पेशी उजळताना मीही पाहिल्या. मग पाय न वाजवता मागे फिरलो आणि सरांबरोबर पुन्हा आत आलो.

तुझा कप घेऊन अजून दारातच उभा असलेला,
मी