शेवटची ओळ

उस्मानाबाद, मंगळवार, दिवेलागण

वीस वर्षं कचेरीबाहेर बसून लोकांचे उर्दू अर्ज लिहितो. आज पहिल्यांदा स्वतःचा लिहिला. हिच्या छातीच्या दुखण्याची इंजेक्शनं सोलापूरहून आणावी लागतात, ती मला झेपत नाहीत. निजाम सरकारनं मदत करावी.

अंथरुणावरून ही म्हणाली, "काय लिवलंत, वाचा की."

मराठीत सांगत गेलो. शेवटची ओळ मी सगळ्यांच्याच अर्जात घालतो, तीच सवयीनं हातून लिहिली गेली होती. 'या दुनियेत मला कुणी नाही.'

ती हळूच म्हणाली, "मी हाय की अजून."

कसं लिहिलं मी हे? म्हणालो, "त्या ओळीनंच साहेबांचं मन द्रवतं." खोडायला टाक उचलला.

"औषध मिळत असंल तर ऱ्हाऊ द्या."

ती ओळ राहू दिली. खाली सही करताना तिच्याकडं बघवलं नाही.