आक्का, गोळी बंद केलीस का?

ती. आक्कास नमस्कार,

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी गच्चीवर मसाल्याच्या मिरच्या उलटत होते, तेवढ्यात खाली तपासणी शिबिराची माणसं आली. मीही रक्त दिलं. इथं सगळे बरे आहेत, काळजी करू नकोस.

दोन दिवसांनी त्यांनी अहवाल आणून दिला, त्यात ड जीवनसत्त्व कमी निघालं. मी म्हटलं, "सगळा जन्म उन्हात गेला की माझा."

शिबिरातला माणूस हसला. "आज्जी, डोईवर पदर, हातभर बाह्या. ऊन लागतंय कुठं? आठवड्याला ही पुडी दुधातनं घ्या, बीपी आपोआप उतरतंय. बीपीची गोळी बंद करा."

पुडीवरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं. बीपीचा शब्दही नाही. आमच्या ह्यांनीही बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली होती, आणि महिन्याच्या आत ते गेले.

तो माणूस तुमच्या हुपरीलाही येऊन गेला म्हणे. तू गोळी सोडली नाहीस ना? फोनवर नुसतं व्हय व्हय म्हणतेस, म्हणून लिहिते.

दुसऱ्या दिवशी मी पुडी आणि गोळ्या घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "पुडी घ्या, पण गोळी सोडायची न्हाय." तिथंच पाणी मागून मी त्या दिवशीची गोळी घेतली.

तुझी धाकटी,
हौसा