डोळे उघडे ठेवून

५ नोव्हेंबर, रविवार

गेले! आईच्या हट्टापायी गेले एकदाची त्या चर्चमध्ये. चर्च कसलं — कोळशाच्या वखारीमागचं साधं घर, दारात बुटांचा ढीग. त्या ढिगात माझ्या धाकट्या भावाचे, अदिलेतचे बूट. म्हणजे बाबांचे, हल्ली तो घालतो. बघूनच तळपायाची आग मस्तकात गेली.

आई म्हणाली होती, "झूरा, तू थोरली. त्यांच्यात शीर, पोराला काय पढवतात ते बघ, आणि त्याला परत आण. बाबांना जाऊन वर्ष होईल, त्या जेवणाआधी! पोरगा मुसलमान राहिला नाही असं सेयित काकांच्या कानावर गेलं, तर त्याला घरचा म्हणणार नाहीत. उद्या बापाच्या शेजारी माती मिळायची नाही त्याला."

म्हणून आजपासून मी त्यांच्या तरुण मंडळात. म्हाताऱ्यांची घरं हिवाळ्यासाठी तयार करून देतात म्हणे. फुकट! आमच्या या डोंगरातल्या नारीन गावात फुकट फक्त वारा मिळतो. पाणी कुठेतरी मुरतंय.

प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. मी नाही. कोणीतरी पहारा द्यायला हवा.

८ नोव्हेंबर

त्यांच्याकडच्या चहात रासबेरीचा मुरंबा घालतात. मी दोनदा वास घेऊन बघितला. मुरंबाच होता.

११ नोव्हेंबर, शनिवार

सालिमा आजींच्या खिडक्या. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापायच्या, साबण चोळायचा, वारा शिरू नये म्हणून फटींवर चिकटवायच्या. हात गारठून लाकूड झाले.

आजी पाच वेळा नमाज पढणाऱ्या. आम्हाला बघून म्हणतात कशा, "तुमचा देव तुमच्यापाशी, माझा माझ्यापाशी. खिडकी मात्र नीट चिकटवा. मागच्या वर्षी ऐन फेब्रुवारीत सुटली!"

"ती मी नाही हं आजी, या पेरिझातने चिकटवली होती," तलांत दादा. हा मंडळाचा म्होरक्या. बाजारात मोबाइल दुरुस्त करतो.

"दादा, तोंड कमी चालवा, हात चालवा!" पेरिझात. ही पोरगी झोपेत तरी गप्प बसते की नाही कोण जाणे.

दिवसभर कान टवकारून होते. आता आजींपुढे येशूचं नाव काढतील, मग काढतील. नाही काढलं. पट्ट्या चिकटवल्या, राख टाकली, निघाले. हे तर जास्तच संशयास्पद! गोगलगाय आणि पोटात पाय.

आणि अदिलेत हसत होता. मोठ्याने, मान मागे टाकून, बाबा असताना हसायचा तसा. घरी वर्षभर गुळणी धरून बसलाय, आणि यांच्यात हसतो! काय दिलं यांनी त्याला, जे आम्हाला देता आलं नाही? मला रडू फुटलं. साबण डोळ्यात गेला म्हणून सांगितलं.

१९ नोव्हेंबर

पुन्हा सालिमा आजी. चूल पेटेना, खोलीभर धूर, म्हातारी खोकून खोकून निळी पडायची वेळ. तलांत दादा छपरावर चढला. पेरिझात म्हणते, तोवर प्रार्थना करू, एकेकाने एक वाक्य. आजी म्हणाल्या, "करा बाई, पण लवकर करा!"

माझी पाळी आली. मी रागानेच म्हटलं, "देवा, असलास तर ही चूल पेटव. म्हातारीने काय पाप केलंय?"

पेटली! पेरिझात किंचाळली, माझ्या गळ्यातच पडली.

मग तलांत दादा खाली उतरला, तोंड काळं, हातात पायाला धरलेला मेलेला कावळा. "धुराड्यात हा अडकला होता."

हा तुमचा चमत्कार! येताना रस्ताभर अदिलेतची टर उडवली. तोही हसला.

पण मी खरंच मागितलं होतं. मनापासून. कुणाकडे मागितलं मी?

२३ नोव्हेंबर

कामावर, शिवणकारखान्यात दुपारी डबा उघडला आणि त्यांच्यासारखी मान आपोआप खाली गेली. सवय हो. दुसरं काही नाही.

२६ नोव्हेंबर

आज तलांत दादाने एकटीला गाठलं. "झूरा, प्रार्थनेच्या वेळी तुझे डोळे उघडे असतात."

म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"माझेही असतात. शेगडीवर दूध असतं, ते कोण बघणार?"

हसू आलं, पण दाबलं. मग म्हणाला, "भावाला न्यायला आलीस, ते पहिल्या दिवशीच कळलं मला. बुटांच्या ढिगाकडे अशी बघत होतीस!"

"मग हाकललं का नाही?"

"पट्ट्या सरळ चिकटवतेस. तुला कशाला हाकलू?"

हा माणूस एक तर फार धूर्त आहे, नाही तर — नाही तर काय, ते आज लिहवत नाही.

आज डोळे मिटले. थोडाच वेळ. बाबांचं नाव घेतलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आजारातला चेहरा न दिसता आधीचा दिसला. मग घाबरून उघडले.

३ डिसेंबर

जेवण शनिवारी. अदिलेतला भिंतीशी बसवून तालीम घेतली. "रोटी हातात आली की लगेच तोंडात टाकायची. त्यांच्यासारखी आधी मान घालून बसायचं नाही! जेवण झाल्यावर काका दुवा मागतील, तेव्हा ओंजळ पसरायची आणि हात चेहऱ्यावरून फिरवायचे. काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. आईची शपथ घे."

घेतली. मग म्हणतो, "ताई, हा खोटेपणा नाही का?"

"नाकाने कांदे सोलू नकोस," म्हटलं. आणि ओंजळीची तालीम पुन्हा घेतली.

९ डिसेंबर, शनिवार

कसं लिहू?

सगळे आले होते. घोडा कापला होता, कढया उकळत होत्या, आईने दोन दिवस कणकेचे छोटे बोरसोक तळले होते. काकांनी रोटी मोडली, तुकडे फिरले. माझी नजर अदिलेतवर. त्याने तुकडा घेतला, लगेच तोंडात टाकला. शाबास, म्हटलं मनात! माझ्याही हातात तुकडा आला.

आणि मी थांबले.

मान खाली. डोळे मिटलेले. बाबांचं जेवण म्हणून बाबांसाठी चार शब्द. कधी सुरू केलं, मलाच कळलं नाही! डोळे उघडले तर कोणीच चावत नव्हतं.

"रोटीत विष कालवलंय का पोरी?" काका.

धाकट्या काकू म्हणाल्या, "असं ते वखारीमागचे लोक करतात. आमच्या शेजारच्यांची सून करते."

"तू जातेस तिथे?" काकांनी विचारलं.

नाही म्हणायचं होतं. एक शब्द तर होता! तोंडात आलाच नाही. म्हटलं, "जाते."

आई मध्ये पडली. "मी पाठवलं तिला."

"का?"

खरं कारण सांगावं, तर अदिलेत सापडतो. तिने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि गप्पच राहिली. अदिलेत मान घालून बसला होता, ओठ घट्ट मिटलेले. मीच शिकवलं होतं ना!

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तर मग ऐक. तुझ्या बापाच्या कबरीवर तू यायचं नाहीस. आणि तुझी वेळ येईल तेव्हा तिथे तुला जागा नाही."

शेवटच्या दुव्याला सगळ्यांचे हात चेहऱ्यावरून फिरले. अदिलेतचेही. माझे मांडीवर पडून होते.

१० डिसेंबर

आज कुठेच गेले नाही. आईशी बोलणं नाही. अदिलेत कोठारात कोळशाजवळ बसून रडत होता. जवळ गेले तर म्हणतो, "ताई, मी बोलायला हवं होतं." म्हटलं, "मग तुझी जागा गेली असती, गाढवा."

१७ डिसेंबर, रविवार

अदिलेत गोधडीतून म्हणाला, "मी नाही येणार, ताई. मला काकांची भीती वाटते." म्हणजे आणला की मी त्याला परत!

मी बूट घालत होते. आई चुलीजवळून म्हणाली, "आता कशाला? तुझं काम झालं ना?"

म्हटलं, "हातमोजे राहिलेत तिथे. घेऊन येते."

हातमोजे चुलीवरच्या दोरीवर वाळत होते. दोघींनीही बघितले.

आई उठली. दोरीवरून ते काढले आणि माझ्या हातात दिले.

"हे घालून जा," म्हणाली. "वारा सुटलाय."