लेकीच्या गावचं पाणी

बजाजनगर, वाळूज,
छत्रपती संभाजीनगर
दि. ७ सप्टेंबर २०२५

चि. मोनिका,
अण्णाचा आशीर्वाद. जावईबापू सुदर्शनरावांना नमस्कार सांग.

मी इथं बरा आहे. तुम्ही तिथं खुशाल असाल असं धरून लिहायला बसलो. फोन करून बघितला होता. तू उचलत नाहीस, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पत्राचं बरं असतं, फाडून टाकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तुझा पत्ता आईनं चिवड्याचं पार्सल पाठवलं होतं त्या पावतीवरून उतरवला आहे. इंग्रजी अक्षरं एकेक करून तीनदा तपासली. तरी काळजी वाटते.

काल गणपती गेले. दहा दिवस कान बधिर झाले होते, आता एकदम सामसूम झाली तर तीही सोसवत नाही. आपल्या घरच्या महालक्ष्म्या यंदाही आशाबाईकडंच बसल्या. तुझी आई गेल्यापासून मुखवटे तुझ्या या मावशीनंच नेले आहेत. पुरणपोळीचा डबा तिनं पाठवला होता, दोन दिवस पुरला. गुडघा दुखतो. गोळ्या वेळेवर घेतो. जायकवाडी भरलं म्हणतात, पण आपल्या गल्लीत नळ चौथ्या दिवशीच येतो आणि तोही पहाटे, म्हणून मी तीनपासून जागाच असतो.

ऑगस्टमध्ये आठ दिवस घर बंद होतं. आशाबाईला सांगितलं होतं, तुळजापूरला जातो. ती म्हणाली, "दाजी, आठ दिवस तुळजापुरात काय करता? देवीला बी कटाळा येईन तुमचा." मी हसून वेळ मारून नेली.

मोनिका, मी तुळजापूरला गेलो नव्हतो. मी व्हिएन्नाला आलो होतो. तुझ्या गावात.

रागावू नको. आधी पुरतं वाच.

पासपोर्ट होताच. तीन वर्षांपूर्वी तू आम्हा दोघांना बोलावलं होतंस तेव्हा काढलेला. तुझ्या आईचाही कपाटात आहे, कोरा. सिडकोतल्या अप्पाराव एजंटनं सगळी कागदं केली. तो सारखा म्हणत होता, "काका, एकटे कशाला जाता? ग्रुपनं जा, डाळभात मिळंल." ग्रुपवाले एका दिवसात शहर उरकून पुढं जातात, मला पुढं कुठं जायचं नव्हतं. फॉर्ममध्ये एक रकाना होता, तिथं तुमचे कोणी नातेवाईक आहेत का? अप्पारावनं विचारलं, "काय लिहू?" मी म्हटलं, "नाय लिही." लिहून झाल्यावर मला पाणी मागावं लागलं.

स्वस्तातली जागा घेतली होती, रेल्वे स्टेशनाजवळ. एका खोलीत सहा खाटा, एकावर एक रचलेल्या. मला वरची मिळाली. सदुसष्टाव्या वर्षी मी शिडीनं झोपायला चढत होतो. खोलीत कोण येतं, कोण जातं, काही कळायचं नाही. पासपोर्ट कोपरीच्या आतल्या खिशात शिवून घेतला होता, तरी रात्रीतून दहादा चाचपायचो. पाच दिवसांत माझ्याशी पुरं वाक्य बोललं असं एकच माणूस भेटलं, त्याचं पुढं सांगतो. खायला मी घरूनच दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि फुटाणे नेले होते. दशम्या आशाबाईनं करून दिल्या, तुळजापूरसाठी म्हणून.

पाण्याचा घोळ मात्र मी माझ्या हातानं घातला.

तुला आपल्याकडची रीत माहीत आहे. लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये. माझी बहीण भामा सोयगावला दिली होती. आमचे दादा, म्हणजे तुझे आजोबा, तिला भेटायला जायचे तर करमाडहून किटलीत पाणी भरून न्यायचे. घर तर सोडच, ते सोयगावच्या शिवेतल्या विहिरीलाही तोंड लावायचे नाहीत. मी लहानपणी ती किटली धरून त्यांच्याबरोबर चाललो आहे. ते अंगात मुरलं. तुझ्या शहरात उतरलो तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? की हे लेकीचं गाव आहे, इथला नळ आपल्याला चालायचा नाही. मग बाटलीचं पाणी घेऊ, ते दुसऱ्या गावाहून भरून येतं. बाप तसा किटली न्यायचा, मी तशी बाटली घेणार होतो.

खाली कोपऱ्यावर एक दुकान होतं. मालक लाहोरकडचा, दाढीवाला, बोलायला गोड. पहिल्या दिवशी घेतलेली बाटली उघडली तर फसकन अंगावर आली. बुडबुड्याचं पाणी! एक घोट घेतला, तोंडात मुंग्या चावल्यासारखं झालं. परत नेली तर तो पोट धरून हसला. म्हणाला, "चाचा, बोतल लेते क्यूं हो? यहां नल का पानी पहाड़ से आता है, मुफ्त में पियो."

मी म्हटलं, "मेरे को नहीं चलता. बेटी का गांव है."

"तो?"

"तो बेटी के गांव का पानी कैसा पीना?"

त्यानं बाटली बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मेरी दादी भी ऐसे ही बोलती थी. लेकिन चाचा, बेटी जानती है आप आए हो?"

मी साधी बाटली घेतली आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, दहा ऑगस्ट. तारीख लक्षात ठेव, म्हणून लिहितो. सकाळी चालतच तुझ्या गल्लीला निघालो. लाल ट्राम जाते, पण तिकीट कुठं घ्यायचं, कुठं टोचायचं, याची धास्ती वाटली. पावती दाखवत, खुणा करत, अडीच तास लागले. तुझी इमारत सापडली. पिवळी, चार मजल्यांची. समोर लहान चौक आहे, दोन झाडं, बाकडी आणि तो पाण्याचा नळ, हिरवा, खांबासारखा. मी बाकड्यावर बसलो. म्हटलं, तू खाली आलीस की उठायचं आणि 'मोनिका' म्हणून हाक मारायची. त्यापुढं काय बोलायचं ते मुंबईपासून पाठ करत आलो होतो.

तू आली नाहीस. ऊन आपल्या चैत्रासारखं. बारापर्यंत बाटली संपली. पाणी आणायला उठलो तर सगळी दुकानं बंद. एक नाही, सगळी. रविवारी तिथं मीठसुद्धा विकत मिळत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. परत येऊन बसलो. ओठ चिकटायला लागले. चार पावलांवर नळ. एक म्हातारी कुत्रं घेऊन आली, कुत्रं खालच्या भांड्यातून प्यालं, ती वरून प्याली, मला बघून हातानं खुणावलं, पी. मी मान हलवली. ती काहीतरी पुटपुटत गेली. येडा म्हणाली असेल. व्हय, तसंच होतं ते.

तिथं बसल्या बसल्या मला तुझ्या आईच्या दहाव्याचा दिवस आठवला. गेल्या वर्षीचा एप्रिल महिना. तू करमाडला मामाकडं उतरलीस, आपल्या घरी नाही. सकाळी नऊला आलीस. आशाबाईनं तांब्या पुढं केला तर तू म्हणालीस, "नको मावशी, या घरचं पाणी मी पीत नाही." सगळ्यांसमोर. मला तेव्हा फक्त माझी लाज दिसली. तू पाचपर्यंत बसून होतीस. आठ तास, पत्र्याखाली. मी त्या बाकड्यावर दोन तासांत घायकुतीला आलो होतो.

त्याच रात्री आशाबाईनं मला सांगितलं होतं, तू तसं का म्हणालीस ते. तू आम्हाला बोलावलंस आणि मी फोनवर म्हणालो, "आधी तुझी कूस उजवू दे, मग येऊ पाणी प्यायला." त्याच्या आदल्या आठवड्यात तू दवाखान्यातून रिकाम्या हातानं घरी आली होतीस. पाचवा महिना होता. तुझ्या आईला माहीत होतं. तिनं मला सांगितलं नाही, कारण तिला वाटलं मी अजून काही बोलून बसेन. बरोबरच वाटलं तिला. ती तुझ्याकडं यायचं म्हणून स्वेटर विणत होती. मी येऊ दिलं नाही आणि ती गेली.

मी उठलो आणि नळाला तोंड लावलं. ओंजळीनं प्यालो, डोक्यावर घेतलं, पुन्हा प्यालो. गार होतं. लई गोड होतं. आमच्या दादांची माफी बिफी काही मागितली नाही. तुझी मागितली, मनातल्या मनात. रविवारी, दहा तारखेला, दुपारी दोन वाजता. साक्षीदार कोणी नाही. ती म्हातारी असती तर तिनं सांगितलं असतं.

हे एवढं खोलात का सांगतो, तर पुढचं ऐक.

सोमवारी तू दिसली नाहीस. मंगळवारी सकाळी दार उघडलं. सुदर्शनराव घडीची गाडी घेऊन पायऱ्या उतरले आणि मागून तू. केस आखूड केलेले. छातीशी कापडानं बांधलेलं लेकरू. पाच-सहा महिन्यांचं असेल. त्याच्या डोक्यावर पिवळी टोपी होती, तू ती सारखी नीट करत होतीस. तुम्ही थेट चौकात आलात. तू नळावर बाटली भरलीस. मी दहा पावलांवर झाडाआड होतो. तू जावयांना म्हणालीस, "अहो, पिशवी घेतली ना? परवासारखं करू नका." बरोबर तुझ्या आईचा सूर. मला तेवढंच ऐकू आलं.

मी हाक मारली नाही. का, ते सांगायला तीन आठवडे लागले मला. दोन पत्रं लिहून चुलीत घातली, त्यांत लिहिलं होतं की पाय जड झाले, तोंडातून शब्द फुटला नाही. ते खोटं होतं. पाय चांगले होते.

लेकरू बघितल्याबरोबर माझ्या मनात पहिलं काय आलं माहीत आहे? तुझा चेहरा नाही, तुझी आई नाही. मनात आलं, चला, आता अडचण मिटली, आता हिच्या घरी जाता येईल. दोन दिवसांपूर्वी नळावर ज्याची मी माती केली होती, तीच गोष्ट पुन्हा जिवंत होऊन उभी राहिली. मी झाडाआड आणखी सरकलो. म्हटलं, कडूबा, तू असा आहेस. आता पुढं झालो तर मोनिका म्हणेल, अण्णा लेकरू झाल्यावर आले. आणि ते साफ खोटं आहे असं मलाही छातीठोक म्हणता येणार नाही.

बुधवारी पुन्हा आलो. दाराजवळच्या घंट्यांवर नावं आहेत, त्यात तुमचं 'दांडगे' वाचलं. घंटीवर बोट ठेवलं. वरून लेकराचं रडणं ऐकू येत होतं, आणि तू त्याला काहीतरी म्हणत होतीस. बोट काढलं. गुरुवारी विमान होतं.

आशाबाईला लेकराचं ठाऊक आहे की नाही, मी विचारलेलं नाही. तिला ठाऊक असेल आणि तिनं तोंड शिवलं असेल तर तुझ्याच सांगण्यावरून. ती कितीदा तुळजापूरचा प्रसाद मागते, तो विषय मी टाळतो.

या पत्रात मी लेकराचं नाव विचारलेलं नाही. मुलगा की मुलगी तेही नाही. मुद्दाम विचारलं नाही. त्याला टोपी, पैंजण, काही पाठवत नाही. बोलाव असंही म्हणत नाही. लेकराच्या नावानं मला तुझ्या घरात शिरायचं नाही. दार उघडायचं तर ते तुझं तू ठरव, नाही उघडलंस तरी मी तुला बोल लावणार नाही.

एकच विचारतो. तीन वर्षांपूर्वी, त्या फोनवर, पहिल्यांदा विचारायला हवं होतं ते. दवाखान्यात तुझ्याजवळ कोण होतं गं? लई दुखलं का? त्या लेकराचं काही नाव ठेवलं होतं का तुम्ही?

याचं उत्तर वाचायला मी आहे. बाकी काही लिहू नकोस.

तुझ्या दारावरून परत गेलेला,
तुझा बाप