मामांनी बदललेली काच

प्रिय मामा,

आधी चष्मा लावा. तुमच्या नाकावर चष्म्याच्या आधी राग येऊन बसतो, म्हणून सांगतेय. आणि हा कागद त्या मागच्या खांबाला टेकून वाचू नका, खुर्ची ओढून दाराशी घ्या. एवढं एक तरी ऐका माझं. काल मी आत आले तेव्हा तुम्ही रीतीप्रमाणे आधी पाणी दिलंत, मी प्यायले, मग विचारलंत, "काय खबर घेऊन आलीस?" मीही रीतीप्रमाणे म्हटलं, "वाईट काही नाही, मामा." आपल्यात सुरुवात अशीच करायची असते, खरी खबर त्यानंतर. पण तुम्ही मला पुढं बोलूच दिलं नाहीत. "वाईट नाही ना? मग झालं तर! जा, कामाला लाग," असं म्हणून सरळ हातोडी उचललीत. तुमच्यासारखा लबाड म्हातारा अख्ख्या कुमासी शहरात शोधून सापडायचा नाही. म्हणून आज लिहितेय. हातात आलेला कागद तुम्ही शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही, मग तो औषधाच्या बाटलीवरचा का असेना.

तर खबर वाईट आहे. तुमची इमारत मागच्या बाजूनं खचतेय. पुढं कधीतरी खचेल असं नाही, आत्ता खचतेय, मी समोर मक्याची केंकी विकणाऱ्या बाईच्या बाकावर बसून हे लिहितेय तेव्हासुद्धा. वरचे दोन्ही मजले रिकामे झाले. तिवामावशीनं शिवणयंत्रं हातगाडीवर घालून नेली. जाताना मला म्हणाली, "तुझं भलं होवो गं, पण माझी गिऱ्हाइकं आता मला शोधणार कुठं?" शेजारचा औषधवालाही गेला. आत राहिलात फक्त तुम्ही, तुमच्या फोटोच्या चौकटींच्या दुकानात, त्याच तडकलेल्या खांबाच्या पुढ्यात, दार निम्मं ओढून घेऊन.

गल्लीत लोक काहीबाही बोलतायत म्हणून सगळं एकदा नीट सांगते. औषधवाल्याशेजारचा तुमचा रिकामा गाळा बँकेला शाखेसाठी हवा होता. बँक भाडं ठरवण्याआधी इमारत तपासून घेते आणि ते काम नेमकं आमच्या कचेरीत आलं. मालक माझे सख्खे मामा आहेत, मला पाठवू नका, असं मी क्वार्तेंगसाहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "सही मी करतो, पण मोजमापं तूच घे. तिथला कोपरा न् कोपरा तुला माहीत आहे." आणि तुम्हाला केवढा आनंद! "माझी भाची माझ्या इमारतीला पास करायला आलीय," असं सांगत गल्लीभर माल्टच्या थंडगार बाटल्या वाटल्यात. छताचे जुने सिमेंटचे पत्रे बघून मी म्हटलं, यात अॅस्बेस्टॉस आहे, भोकं पाडू नका, भुकटी छातीत जाते. तर छाती ठोकून म्हणालात, "ह्याच पत्र्यांखाली म्हातारा झालो, काय झालं मला?" मग मी दर मालकाला विचारते ते तुम्हालाही विचारलं, की इमारतीआधी या जागेवर काय होतं? "काय असणार? झुडपं," म्हणालात. किती सहज म्हणालात हो!

त्या खांबावर तेव्हा केसाएवढा तडा होता. असा तडा जुना आहे की वाढतोय हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून आम्ही त्याच्यावर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवतो. तडा स्वस्थ असेल तर काच शाबूत राहते, जरासा जरी हलला तरी काच मोडते. मी पट्टी लावली, हात लावू नका म्हटलं, तुम्ही मान डोलावलीत. मग दर आठवड्याला येऊन बघत होते, तर काच जशीच्या तशी, स्वच्छ, अगदी चकचकीत. मी आपली खूश. तडा जुना आहे, हालचाल नाही, असं लिहूनही टाकलं.

आणि मग त्या रविवारी तुमच्याकडं आपण फुफू खात बसलो होतो तेव्हा तुम्ही हसत हसत म्हणालात, "पोकुआ, काचेचं काम तुला जमत नाही हं. तुझी पट्टी दोनदा तडकली. लोक माझ्याकडं आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो घेऊन येतात, त्यांना काय मी फुटकी काच दाखवू? मी आपली मापात कापून बसवली. बघ, तुलासुद्धा कळलं नाही!" माझा घास हातातच राहिला. मी मामींसमोर तुमच्यावर किंचाळले, आणि एवढ्याशा काचेपायी ही पोरगी वेड्यासारखं का करतेय ते तुम्हाला कळेचना. मामा, तुम्ही फसवायला केलं असतंत तर मी भांडले असते. तुम्ही तर माझं काम नीटनेटकं दिसावं म्हणून केलंत. फोटोवरची फुटकी काच बघवत नाही ना तुम्हाला, हात शिवशिवतात. पण ती फुटली होती तेच तर मला बघायचं होतं. त्या चकचकीत काचेपायी आमचे आठवडे फुकट गेले, आणि तेवढ्यात पाऊसही सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मागचं अंगण खणलं. वरचं काँक्रीट फुटल्याबरोबर डिझेलचा असा भपकारा आला की मजूर नाक धरून मागं सरले. खाली लोखंडी टाकी, गंजून खालच्या अंगाला चाळणी झालेली, निम्मी आत दबलेली. पावसाचं पाणी खांबाखालची माती सोडवतंय आणि ती माती टाकीच्या पोकळीत उतरतेय. तेव्हा कुठं तुम्ही तोंड उघडलंत, "होता पेट्रोलपंप. मग? सांगितलं असतं तर बँक पळाली असती." टाकी काढायची सोडून तुम्ही तिच्यावर काँक्रीट ओतलंत आणि खुशाल विसरून गेलात. त्या मातीत हात घातला तर अजून तेल लागतं. पलीकडच्या घरांना त्यांच्या विहिरीचं पाणी बंद करायला सांगावं लागलं, त्यांच्या शिव्या मी खाल्ल्या.

नगरपालिकेची माणसं भिंतीवर लाल फुली मारायला आली तेव्हा तुम्ही भर रस्त्यात मला म्हणालात, "ह्या इमारतीच्या भाड्यावर तू इंजिनीअर झालीस आणि तिच्यावरच उलटलीस?" लागलं मला ते. फार लागलं. तुमचं म्हणणं खरंच आहे, माझी फी, माझी पुस्तकं, वसतिगृहाचे पैसे, सगळं याच गाळ्यांतून आलं. बाबांकडच्यांनी कधी विचारलं नाही, आपल्यात मूल आईच्या कुळाचं, त्यांनी विचारावं अशी रीतही नाही, माझे तुम्हीच होता. पण मामा, मला शिकवलंत ते कशाला? खांब हलतोय हे दिसल्यावर गप्प बसायला?

आता लोक तुमच्याबद्दल म्हणतात, ओडुरोमास्तरांचा जीव विटांत अडकलाय. मामी इथं माझ्या शेजारी ताट झाकून उभ्या आहेत. त्या म्हणतात, "तो माझं ऐकणारा असता तर आमच्या लग्नाला वेळेवर आला असता." हसल्या त्या, पण ताटावरचं फडकं पुन्हा पुन्हा नीट करतायत. तुम्ही आत का बसलात ते त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. सकाळी खांबाला नवी काचपट्टी लावायला आत आले तेव्हा पाहिलं. तुमच्या बाकावर आईचा फोटो आहे, तो मोठा, निळ्या कापडातला, ज्यात तिनं मान थोडी वाकडी केलीय. चौकटीला सोनेरी रंग दिलाय आणि तो ओला आहे. ओली चौकट हलवली तर डाग पडतात, हे लहानपणी तुम्ही मला हातावर चापट मारून शिकवलंत. या पावसाळी हवेत तो वाळता वाळत नाही. आईला जाऊन कितीतरी आठवडे झाले, आपल्या रीतीप्रमाणे परवा शनिवारी तिची अंत्ययात्रा. ती गेली त्या आठवड्यात सगळ्या कुटुंबासमोर तुम्ही बोललात, की माझ्या बहिणीची चौकट दुसऱ्या कुणाच्या हातची होणार नाही. आणि आजवर मला एका अक्षरानं सांगितलं नाहीत की मी तिच्यासाठी बसलोय. त्यापेक्षा हट्टी म्हातारा म्हणवून घेणं तुम्हाला बरं वाटलं.

मघाशी मी दारातून खांबाकडं पाहिलं. आज सकाळी लावलेली पट्टी मोडलीय. नगरपालिकेचा साहेब पाच वाजता पोलीस आणतो म्हणालाय, ते तुम्हाला उचलून बाहेर काढतील, साऱ्या गल्लीदेखत. मला ते बघवणार नाही. आणि पाच वाजेपर्यंत तो खांब थांबेल असं मला कुणीही, अगदी क्वार्तेंगसाहेबसुद्धा, सांगू शकत नाहीत. म्हणून हे पत्र कुणाच्या हाती पाठवत नाही, मीच घेऊन येतेय. तुम्ही इथवर वाचलंत म्हणजे मी तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसले आहे. पाणी देऊ नका, काही विचारू नका, मी बोलणार नाही. बोलायला लागले तर रडेन आणि तुम्ही पुन्हा हातोडी उचलाल. तुम्ही उठाल तेव्हा मी उठेन, त्याआधी नाही. उठलात तर आईला दोघं मिळून उचलू, एक बाजू तुम्ही धरा, एक मी. रंग पुसला तर पुसू दे, तिनं आपल्याला याहून मोठ्या गोष्टी माफ केल्यात. आणि बसूनच राहायचं असेल तर बसा, मीही बसते. फक्त मामींना हाक मारून एवढं सांगा, की शनिवारी तीन फोटो लागतील, आणि त्यांच्या काचा कापायला दुसरा माणूस शोधा.

तुमच्या शेजारी बसलेली,
तुमचीच
पोकुआ