टेबलावर पालथा हात

३ मार्च

आज पुन्हा करून पाहिलं. उजवा हात पालथा टेबलावर ठेवला — नाही टेकत! करंगळी आणि अनामिका आत वळलेल्या, खालून उंदीर पळेल एवढी पोकळी. दुखत नाही, खुपत नाही. फक्त उघडत नाही. जन्मभर पुस्तकं बांधली या हातानं!

नातीला शाळेतली कविता साभिनय म्हणून दाखवत होतो. 'आकाश' आलं की दोन्ही तळवे उघडायचे — गुरुजींचा दंडक, अजून अंगात मुरलेला. नात म्हणाली, "आजोबा, तुमचं एका बाजूचं आकाश मिटलंय!" हसलो खरा. मग दिवसभर घरात येरझाऱ्या.

६ मार्च

हाताच्या डॉक्टरीणबाई आमच्या सुनेच्या वयाच्या. तळहातातली टणक दोरी अंगठ्यानं दाबत म्हणाल्या, "काका, ही शीर नाही. कातडीखाली कोलॅजेनच्या धाग्यांचं अस्तर असतं. ते जाड होऊन आवळलंय."

कोलॅजेन म्हणजे कातडी, हाडं, स्नायूंचे दोर, सगळ्यांना धरून ठेवणारं प्रथिन. तीन पदरांचा पीळ, भलता चिवट. त्याची बहीण इलॅस्टिन — ताणलं की परत जागेवर येणारी. बाईंनी हाताच्या पाठीवर चिमटा काढला. कातडीचा डोंगर पेन्शनरासारखा सावकाश खाली बसला! "ती तुमची थकलीय, आणि हे नको तिथं वाढलंय." जखम झाली की पेशी धागे विणतात, ओढून तोंड मिटवतात आणि थांबतात. माझ्या थांबायचं विसरल्या. या टप्प्यावर इलाज एकच — कापून दोरी काढायची. तारीख एकवीस.

"घराण्यात कुणाला होतं?" नाही म्हणालो.

निघताना आमच्या सरसाचं विचारलं. तोही जनावरांच्या कातड्यातलं कोलॅजेनच म्हणे, शिजवून काढलेलं. म्हणजे ज्यानं मी हजारो पुस्तकं चिकटवली, त्यानंच मला चिकटवलं!

९ मार्च

चैन नाही. सुरी आठवली की हात आपोआप खिशात जातो. दुकान आता मुलगा बघतो, तिथं जाऊन बसलो. तो तरी कुठे स्वस्थ! "बाबा, दुखतं का हो? बोट पुन्हा चालतं का? काम किती दिवस बंद?" पुन्हापुन्हा तेच. म्हटलं, कापायचंय मला, घाम तुला का? शिवाय हल्ली ब्रश डाव्या हातात धरतो, पुस्तकाच्या पाठीवर सरसाचे ओघळ! बोललो त्यावरून. ओघळ पुसत बसला.

११ मार्च

सुचलं! सरस थिजून कडक झाला की आपण काय करतो? गरम पाण्यात भांडं ठेवतो. मधासारखा सैल होतो. माझी दोरीही त्याच जातीची — मग सुरी कशाला?

१२ मार्च

डाव्या हातानं लिहितोय. वेडंवाकडं. फोड आलेत.

१३ मार्च

सरसाच्या भांड्याखालच्या पाण्यात दातओठ खाऊन हात धरला होता. ही ओरडली, "हाताचं सूप करायला निघालात का?" डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग भडकल्या. "काका, जिवंत धागा सैल पडेल इतक्या उष्णतेत आख्खा हात शिजतो!" कातडी भरून येईपर्यंत शस्त्रक्रिया नाही. तोवर बोटं आणखी वळली तर? अक्कल गहाण टाकली होती मी.

२० मार्च

बसल्या बसल्या वडील आठवले. त्यांचा उजवा हात सदा मुठीत. गल्ली त्यांना 'मुठ्या' म्हणायची. कविता पाठ म्हणण्यात पहिला आलो, तेव्हा पाठीवर शाबासकी मिळाली ती बोटांच्या सांध्यांनी — ठक ठक, दार वाजवावं तशी. मला वाटे, रागीट माणूस, तळहातानं कुरवाळणं याच्या गावीच नाही.

अरे! ती मूठ उघडतच नसणार!

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "मग बरोबर, काका. हे पुष्कळदा बापाकडून लेकाकडे येतं." रिसीव्हर ठेवला. विचारावं तर आता कुणाला?

१४ एप्रिल

झालं एकदाचं! बधिर हात परक्याचा वाटत होता. दोरी दाखवली बाईंनी — पांढरी, ओल्या सुतळीसारखी. एवढीशी! मुलगा बाहेर बाकावर नुसती नखं खात बसलेला.

१९ मे

टेकला! सबंध! नातीसमोर कविता म्हटली, 'आकाश' दोन्हीकडे उघडलं. टाक्यांचे व्रण ओढतात थोडे. ओढू देत.

२० मे

काल जेवायला बसताना नातीनं खेळ काढला — सगळ्यांनी हात पालथे ठेवायचे. हिचा टेकला, सूनबाईचा टेकला, माझाही. मुलगा म्हणाला, "पुरे गं, भूक लागलीय." नातीनं त्याचा उजवा हात ओढून टेबलावर ठेवलाच.

करंगळीखालून पेन्सिल सहज गेली असती.

मी माझा तळहात त्याच्या हातावर ठेवला. उघडा.